सुईला सनद मिळाली; गुणाचे काय?

अमरावतीला झालेल्या शिक्षकांच्या एका मेळाव्यात 'औषध लागू पडले असे केव्हा म्हणावे?' या विषयावर आम्ही बोललो होतो. भाषण संपल्यावर अकोल्याकडच्या एका माध्यमिक शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता, प्रत्येक उपचाराचा पुरावा मागा. पण ॲक्युपंक्चरचा तर सरकारने कायदाच केला आहे. परिषद आहे, नोंदणी आहे, पाटीवर 'शासनमान्य' लिहिलेले असते. सरकारने तपासल्याशिवायच मान्यता दिली असेल का?"

प्रश्न सरळ होता. त्यामागचे कारण बाईंनी चहाच्या वेळी सांगितले. त्यांचे वडील कापूस-तुरीची शेती करणारे. कंबर दुखू लागली म्हणून एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे आठवड्याला एक अशा सुया घेऊ लागले. सुरुवातीला बरे वाटले. मग दुखणे परत आले, तरी पहिला अनुभव चांगला होता म्हणून उपचार सहा महिने चालूच राहिले. दरम्यान संध्याकाळी अंगात कणकण असे, वजन उतरले होते. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पाय लटके पडू लागले तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले आणि मणक्याचा क्षय निघाला. वर्षाहून अधिक काळ औषधे घेऊन ते आता काठी टेकत चालतात. बाई म्हणाल्या, "त्या माणसाने आम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही. त्याचे प्रमाणपत्र खरे होते, वागणे चांगले होते. मग चूक कोणाची?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हाला नीट देता आले नाही. ते देण्याचा प्रयत्न म्हणून हा लेख लिहीत आहोत. ॲक्युपंक्चर खरे की खोटे एवढ्यावर तो भागत नाही. राज्य सरकार एखाद्या उपचाराची नोंदवही उघडते तेव्हा ते नेमके कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हा आमचा मुद्दा आहे.

कायदा कसा झाला

आधी घटनाक्रम पाहू. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २५ नोव्हेंबर २००३ रोजी एक आदेश काढला. देशात 'पर्यायी' म्हणून चालणाऱ्या अनेक उपचारपद्धतींची तपासणी एका तज्ज्ञ समितीने केली होती. त्यांपैकी बहुतेकींना स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून मान्यता देण्यास समितीने नकार दिला. ॲक्युपंक्चर आणि संमोहन-उपचार या दोहोंच्या बाबतीत मात्र तिने मधला मार्ग काढला. या वैद्यकपद्धती नव्हेत, पण उपचाराचे प्रकार म्हणून नोंदणीकृत वैद्यकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी ते वापरण्यास हरकत नाही, असे तिचे म्हणणे होते. मान्यता नसलेल्या पद्धतीच्या लोकांनी नावामागे 'डॉक्टर' लावू नये, असेही त्या आदेशात होते.

राज्यांपैकी पश्चिम बंगालने १९९६ सालीच ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा केला होता. महाराष्ट्राने 'महाराष्ट्र ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५' हा कायदा केला आणि त्याखाली राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आली. पुढे २०१९ साली केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता देणारा आदेश काढला.

अशा परिषदेची कामे साधारण चार असतात. व्यवसाय करणाऱ्यांची नोंदवही ठेवणे, शिकवणाऱ्या संस्थांना व अभ्यासक्रमांना मान्यता देणे, व्यवसायात कसे वागावे याचे नियम घालणे, आणि तक्रार आल्यास चौकशी करून गरज पडल्यास नाव कमी करणे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि परिचारिकांसाठी परिचर्या परिषद हेच करीत असते.

ही चारही कामे चांगली आहेत. कायदा नसता तर कोणीही आठ दिवसांचे शिबिर करून सुया हातात घेतल्या असत्या आणि काही बिघडले तर तक्रार कोणाकडे करायची हेही कळले नसते. आमची टीका कायदा केला यावर नाही. या चार कामांत न बसणारे एक पाचवे काम आहे आणि ते झालेच आहे असे लोक समजून चालतात, त्यावर आहे. 'हा उपचार या रोगावर लागू पडतो का?' याचे उत्तर देणे, हे ते पाचवे काम.

काट्याचा शिक्का, कापसाची प्रत

वऱ्हाडातल्या वाचकाला हे कापसाच्या बाजारावरून चटकन पटेल. अकोल्याच्या बाजारात शेतकरी कापसाची गाडी घेऊन येतो. तिथे दोन वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे काटा. वैधमापन खात्याचा माणूस प्रमाणित वजने लावून काटा पाहतो आणि शिक्का मारतो. दुसरी गोष्ट कापसाची प्रत. धाग्याची लांबी किती, ओल किती, कचरा किती, हे कापूस हातात घेतल्याशिवाय कळत नाही. काट्यावर शिक्का आहे म्हणजे कापूस लांब धाग्याचा आहे, असे कोणी म्हणाले तर गाडीवानही हसेल.

परिषदेची नोंदणी हा काट्यावरचा शिक्का आहे. या व्यक्तीने ठरलेले शिक्षण घेतले आहे, तिचे नाव-पत्ता आमच्याकडे आहे, ती नियमांना बांधलेली आहे, एवढेच तो सांगतो. उपचाराची प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीने तपासावी लागते. ती जागा म्हणजे चिकित्सालयीन चाचणी. कायदेमंडळात हात वर करून ती होत नाही.

बाईंच्या प्रश्नातली गफलत इथे आहे. 'शासनमान्य' हा शब्द काट्याबद्दल खरा आहे, पण ऐकणारा तो कापसाबद्दलचा समजतो. पाटी लिहिणाऱ्यालाही हा गैरसमज गैरसोयीचा नसतो.

प्राचीनतेचा दाखला

मान्यतेखालोखाल दिला जाणारा दाखला प्राचीनतेचा. 'हजारो वर्षे चालत आलेली पद्धत चुकीची कशी असेल?' हा प्रश्न ऐकायला भारदस्त वाटतो. पण चीनच्या राजदरबारी वैद्यक संस्थेतून १८२२ साली बादशहाच्या हुकमाने ॲक्युपंक्चरच हद्दपार झाले होते. विसाव्या शतकात चीनमध्ये डॉक्टर थोडे आणि माणसे फार, अशा अडचणीत तिथल्या सरकारने ते पुन्हा उचलून धरले.

आपल्याकडे या विषयात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आदराने घेतले जाते. काही ॲक्युपंक्चर संस्थांना त्यांचे नावही आहे. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भातल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे. पण कोटणीस तिथे शस्त्रवैद्य म्हणून राबले. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसू यांनी. बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात तिचा वापर करू लागले. म्हणजे आपल्या देशात या उपचाराचे वय शंभर वर्षेही नाही. कोटणीसांचा त्याग थोर आहेच. पण त्या त्यागातून सुईचा गुण सिद्ध होत नाही.

प्राचीनतेचा युक्तिवाद कुठवर नेतो हे पाहायचे तर अमरावती जिल्ह्यातल्याच मेळघाटात जावे. तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची 'डंबा' नावाची रीत तिथे आहे. तीही पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मूल आजारी पडले आणि दवाखाना लांब असला की आईबाप जे माहीत आहे ते करतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण जुनेपणा हाच पुरावा धरला तर डंब्यालाही नोंदवही उघडून द्यावी लागेल. ते कोणी करणार नाही, कारण चटक्याने होणारी इजा डोळ्यांना दिसते. सुईच्या बाबतीत इजा सहसा दिसत नाही, म्हणून तिथे हा युक्तिवाद खपून जातो. डंब्याला जो प्रश्न आपण विचारतो तोच सुईलाही विचारला पाहिजे.

मग पुरावा काय सांगतो?

इथे दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहायला हवे. ॲक्युपंक्चरवर थोडेथोडके संशोधन झालेले नाही. भरपूर झाले आहे. अडचण अशी की गोळीची चाचणी घेताना साखरेची गोळी देता येते, सुईला 'साखरेची सुई' कुठून आणायची? यावर संशोधकांनी दोन तोडगे काढले. एक म्हणजे पुस्तकातला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर सुई टोचायची. दुसरा, १९९८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी पुढे आणलेला. नाटकातल्या सुऱ्याचे पाते जसे मुठीत सरकते, तशी टोचल्याचा भास देणारी पण कातडीत न शिरणारी सुई.

जर्मनीतच २००७ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी पाहा. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले. पहिल्या गटाला शास्त्रोक्त ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्या जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधे व व्यायाम. सहा महिन्यांनी, आधी ठरवलेल्या निकषाइतकी सुधारणा पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांत आढळली.

हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे : यात कोण जिंकले? ॲक्युपंक्चरवाले पहिला आणि तिसरा आकडा दाखवतात. टीकाकार पहिला आणि दुसरा दाखवतात. दोघांचेही आकडे खरे आहेत. तिन्ही एकत्र वाचले तरच अर्थ लागतो. सुया घेणाऱ्यांना खरोखर बरे वाटले. पण बरे वाटण्याचा फार मोठा भाग सुई कुठे टोचली यावर अवलंबून नव्हता. मग बारा नाड्या, शेकडो बिंदू, त्यांतून वाहणारी शक्ती या सिद्धांताचे काय उरते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सगळ्या चाचण्यांत फरक इतका पुसट निघाला असे मात्र नाही. २०१२ साली २९ चाचण्यांतल्या सुमारे १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला गेला. शंभरपैकी ६० गुणांच्या वेदनेपासून सुरुवात केली तर सुया न घेणाऱ्यांची वेदना साधारण ४३ वर येते, खोट्या सुया घेणाऱ्यांची ३५ वर आणि खऱ्या सुया घेणाऱ्यांची ३० वर, असा त्याचा सारांश संशोधकांनी दिला. म्हणजे तीस गुणांच्या उतारापैकी सतरा गुण सुई नसतानाही उतरले असते. आणखी आठ आपुलकी, अपेक्षा आणि टोचण्याच्या सोपस्काराचे. खास बिंदूंचे आणि खऱ्या सुईचे पाच.

पाच गुण म्हणजे शून्य नव्हे. त्यांचे कारण शरीरशास्त्रात शोधता येते. वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूत 'फाटक' असते ही मेलझॅक आणि वॉल यांची १९६५ ची कल्पना आणि शरीरात तयार होणारी वेदनाशामक रसायने या दोन वाटांनी बराच शोध झाला आहे. पण पाच गुणांच्या पायावर मधुमेह, दमा, बहिरेपणा आणि पक्षाघात यांचा इमला उभा करता येत नाही. वेदनेवरचा थोडासा परिणाम हा एक दावा झाला आणि सर्व रोगांवर रामबाण हा दुसरा. पाटीवर दोन्ही एकाच ओळीत येतात.

पाटीच्या समर्थनार्थ जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालाचा उल्लेख नेहमी होतो. ॲक्युपंक्चरची उपयुक्तता चाचण्यांतून दिसली अशा २८ तक्रारींची यादी त्यात होती. त्या अहवालावर पुढे बरीच टीका झाली. मुख्य आक्षेप असा की ज्या चाचण्यांवर ही यादी बेतली होती त्यांतल्या अनेकांचा दर्जाच कच्चा होता. १९९८ साली काही संशोधकांनी देशवार चाचण्यांचे निकाल मोजले, तेव्हा चीनमध्ये झालेली ॲक्युपंक्चरची एकही चाचणी अनुत्तीर्ण निघाली नाही. ज्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो, तिथे मुले फार हुशार असतात की पर्यवेक्षण फार सैल असते, हे आपल्यासारख्या शिक्षकांना कोणी सांगायला नको.

पुरावा वाढला की मत बदलते हेही विद्यार्थ्यांना दाखवावे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली. २०१६ साली ती काढून घेतली. २०२१ साली स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करावा असे म्हटले. ही धरसोड नव्हे. हातातला पुरावा जसा बदलला तसा निर्णय बदलला. कायद्याला असे वळता येत नाही. तो एकदा झाला की वर्षानुवर्षे तसाच राहतो. कायद्यावर विज्ञानाचा भार टाकू नये, याचे हे आणखी एक कारण.

सुई निर्धोक आहे का?

या बाबतीत परिषद खरोखर उपयोगी पडू शकते. ॲक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव, केसासारखी, साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. जाणकाराच्या हातात ती बरीच निर्धोक असते, पण पूर्ण नव्हे. छातीवर किंवा खांद्याजवळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. निर्जंतुक नसेल तर रक्तातून पसरणारे रोग एकापासून दुसऱ्याला होतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात १९८४ साली एकाच ठिकाणी ॲक्युपंक्चर घेतलेल्या ३५ जणांना 'ब' प्रकारची कावीळ झाली होती. सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली म्हणजे निर्जंतुक होत नाही. एका रुग्णाला एकदाच वापरून टाकून द्यायची, हाच आज शहाणपणाचा नियम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रशिक्षणाची आणि सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने पूर्णवेळ ॲक्युपंक्चर करायचे तर सुमारे अडीच हजार तासांचे शिक्षण असावे, असे त्यात सुचवले आहे. आठवड्यातून एका रविवारी भरणाऱ्या वर्गात सहा तास शिकवले तर अडीच हजार तासांना किती वर्षे लागतील, हे गणित आठवीच्या मुलांना घालावे. उत्तर आठ वर्षे येते. नवी परिषद सुरू होते तेव्हा आधीपासून धंद्यात असलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न सगळीकडेच अवघड जातो. अनुभव पाहून नाव घालायचे की परीक्षा घेऊन? आमच्या मते निदान शरीररचना, निर्जंतुकीकरण आणि धोक्याची लक्षणे ओळखणे या तीन विषयांची परीक्षा कोणालाही माफ असू नये.

निदान कोणी करायचे?

आता बाईंच्या वडिलांकडे परत येऊ. त्यांच्यावर झालेला अन्याय सुईने केला नाही. सुईने त्यांना इजा केली नव्हती. घात केला तो न झालेल्या निदानाने. कंबरदुखी हे लक्षण आहे, रोग नव्हे. बहुतेक वेळा ती स्नायूंची असते आणि काही आठवड्यांत आपोआप कमी होते. अशा वेळी सुई असो, लेप असो, शेक असो, श्रेय त्यालाच मिळते. क्वचित मात्र तिच्यामागे क्षय, कर्करोग किंवा मज्जातंतूंवरचा दाब असतो. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पायांतली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. सुईने वेदना थोडी कमी झाली तर उलट धोका वाढतो, कारण धोक्याची घंटाच मंद होते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव इथे बोलका आहे. त्या राज्याने १९७५ साली ॲक्युपंक्चर करणाऱ्यांना परवाने देणारा कायदा केला, तेव्हा आधी डॉक्टरने निदान करून रुग्ण पाठवावा अशी अट होती. काही वर्षांतच ती अट गेली आणि रुग्ण थेट जाऊ लागले. तिथल्या मंडळाची परीक्षा आणि स्वच्छ सुईचे प्रशिक्षण यांचा बोलबाला आहे. पण पहिले निदान कोणी करायचे, या प्रश्नाला परीक्षा कडक करून उत्तर मिळत नाही. रुग्ण थेट येणार असेल तर समोरच्याला निदान करता आले पाहिजे, किंवा निदान ज्याला येते त्याच्याकडे पाठवण्याची सक्ती त्याच्यावर असली पाहिजे. तिसरा पर्याय नाही.

हेही सांगितले पाहिजे की मणक्याचा क्षय एखाद्या पदवीधर डॉक्टरच्या नजरेतूनही निसटू शकतो. फरक इतकाच की त्याच्या शिक्षणात तो रोग शिकवलेला असतो; म्हणून 'तुम्ही का पाहिले नाही?' असे त्याला विचारता येते. ज्याच्या शास्त्रात नाड्या आणि शक्तिप्रवाह एवढेच आहे, त्याला क्षय कसा दिसणार?

आमच्या अपेक्षा

कोणत्याही राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेचे मोजमाप आम्ही पाच कसोट्यांवर करू. एक, नोंदवही कोणालाही घरबसल्या पाहता यावी आणि ती मराठीतही असावी. दोन, दवाखान्याच्या पाटीवर आणि जाहिरातीत कोणते दावे करता येतील याची यादी पुराव्याच्या आधारे ठरावी व ती ठरावीक काळाने तपासली जावी. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा केंद्रीय कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, बहिरेपणा, पक्षाघात ही नावे त्याच्या परिशिष्टात आहेत. परिषदेने त्याच्याही पुढे जावे. तीन, धोक्याची लक्षणे दिसताच रुग्णाला पुढे पाठवणे हे कर्तव्य ठरावे आणि त्यात कसूर झाली तर नाव कमी व्हावे. चार, झालेल्या इजांची नोंद दरवर्षी छापली जावी. पाच, परिषदेवर त्या व्यवसायाबाहेरचे लोक असावेत. निदान एक संख्याशास्त्रज्ञ आणि एक रुग्णांचा प्रतिनिधी. सगळेच सुईवाले बसले तर सुई कशी टोचावी याची चर्चा होईल. टोचावी की नाही याची होणार नाही.

वर्गात काय करता येईल

हा विषय नववीच्या पुढच्या वर्गात एका साध्या प्रयोगाने समजावता येतो. सुई मुळीच वापरायची नाही. पालकांची संमती घ्यावी. हृदयविकार, हाताला जखम किंवा थंडीने बोटे पांढरी पडण्याचा त्रास असलेल्यांना वगळावे. बर्फ घातलेल्या पाण्यात तीस सेकंद हात बुडवून, किती दुखले ते प्रत्येकाने शून्य ते दहापैकी एका अंकाने सांगायचे. ज्याला आधीच हात काढावासा वाटेल त्याने काढावा. मग चिठ्ठ्या टाकून तीन गट करायचे. पहिल्या गटात अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला बिंदू दोन मिनिटे दाबायचा. ॲक्युपंक्चरच्या पुस्तकांत वेदनेसाठी तोच सांगितलेला असतो. दुसऱ्या गटात कोपर आणि मनगट यांच्या मधला कुठलाही बिंदू तितकाच वेळ, तितक्याच गंभीर चेहऱ्याने दाबायचा. तिसऱ्या गटाने नुसते बसायचे. नंतर पुन्हा बर्फाचे पाणी आणि पुन्हा अंक. अंक लिहिणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे माहीत नसावे. खरा बिंदू कोणता हे शेवटीच सांगावे.

तिसऱ्या गटाचेही अंक पहिल्यापेक्षा उतरलेले दिसले तर ती सवय. दुसऱ्या गटाचे त्याहून उतरले तर ती अपेक्षा आणि स्पर्श. पहिल्याचे त्याहूनही उतरले, तर तेवढाच भाग त्या बिंदूचा. एका वर्गातल्या चाळीस मुलांवरून काहीच सिद्ध होत नाही, हेही शेवटी सांगायला विसरू नये. पण 'मला गुण आला' आणि 'हा उपचार गुणकारी आहे' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, ते मुलांना एका तासात दिसेल.

त्यापुढे घरच्यांसाठी चार प्रश्न वहीत लिहून द्यावेत. माझे निदान कोणी केले? तुमचे नाव परिषदेच्या नोंदवहीत आहे का? सुई माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढाल आणि नंतर टोकदार कचऱ्याच्या न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाल का? किती दिवसांत गुण आला नाही तर तुम्ही मला दुसरीकडे पाठवाल? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बाईंच्या वडिलांनी तो दुसऱ्या महिन्यात विचारला असता तर कदाचित त्यांच्या हातात आज काठी नसती.

'चूक कोणाची?' या त्यांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. नोंदणी करणाऱ्या सरकारने नोंदणीचा अर्थ लोकांना सांगितला नाही. उपचार करणाऱ्याने आपली मर्यादा सांगितली नाही. आणि विज्ञान शिकवणाऱ्या आपण, शिक्का आणि पुरावा यांतला फरक मुलांना शिकवला नाही. पहिल्या दोघांना सुधारणे आपल्या हातात फारसे नाही. तिसरी गोष्ट आहे. गाडगेबाबा याच वऱ्हाडात गावोगाव कीर्तन करीत, तेव्हा सांगण्यापेक्षा विचारीत जास्त. समोरच्या साध्या माणसांना ते प्रश्नामागून प्रश्न टाकीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. 'शासनमान्य' ही पाटी दिसली की 'कशासाठी मान्य?' एवढा एक प्रश्न आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडून आला, तरी पुरे आहे.